परदेशातील वैद्यकीय इलेक्टिव्ह : पूर्वतयारी आणि मनन

वैद्यकीय, परिचर्या किंवा फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याने शिक्षणाचा काही काळ परक्या देशातील रुग्णालयात किंवा आरोग्य प्रकल्पात घालवणे, म्हणजे परदेशातील इलेक्टिव्ह. ब्रिटनमधील वैद्यकीय महाविद्यालयांत ही पद्धत चांगली रुळलेली आहे. तेथे शेवटच्या वर्षांत साधारण ६ ते ८ आठवडे त्यासाठी दिले जातात आणि कोठे जायचे हे बहुधा विद्यार्थीच ठरवतो.

लसी, विमा, व्हिसा यांची तयारी सगळेच करतात. पीतज्वराची लस लागत असेल तर ती प्रवासाला निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. तिचे प्रमाणपत्र २०१६ पासून आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. रुग्णासाठी वापरलेली सुई चुकून आपल्याला टोचली तर काय, हा प्रश्न मात्र अनेकदा राहून जातो. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे जितक्या लवकर, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. ती रात्री-अपरात्री कोण देणार, हे जाण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

याहून अवघड तयारी आहे ती आपण काय करणार नाही हे ठरवण्याची. डॉक्टर कमी आणि रुग्णांची रांग मोठी, अशा ठिकाणी पाहुण्या विद्यार्थ्यापुढे टाके घालण्याची किंवा बाळंतपण करण्याची संधी सहज येते. मायदेशी जे एकट्याने करण्याची परवानगी नाही, ते केवळ रुग्ण गरीब आहे म्हणून परदेशात करता येत नाही. जागतिक आरोग्य प्रशिक्षणातील नीतिनियमांसाठी नेमलेल्या एका अभ्यासगटाने २०१० साली मार्गदर्शक तत्त्वे मांडली. आपण अजून शिकत आहोत हे रुग्णांना व तेथील सहकाऱ्यांना स्पष्ट सांगावे, छायाचित्रासाठी संमती घ्यावी, अशा अपेक्षा त्यांत आहेत. नकाराचे वाक्य घरीच तयार करून, मोठ्याने म्हणून पाहावे. वॉर्डातल्या गडबडीत ते आयत्या वेळी सुचत नाही.

दुसरी तयारी भाषेची. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेथे परदेशी विद्यार्थीही शिकायला येतात आणि त्यांना शिकवणाऱ्यांत गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या असतात. यांपैकी अनेकींचे शालेय शिक्षण जेमतेम किंवा मुळीच झालेले नाही. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलाने त्यांच्यासमोर विद्यार्थी म्हणून बसायचे, ही मला या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. ‘अंगावरून जातं’ असे बाईने सांगितले, तर शब्दकोश उघडून काही उमगत नाही. तिला पांढरे जाण्याचा किंवा रक्तस्रावाचा त्रास आहे, हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागते. हे दुखणे किती बायका मुकाट्याने सोसतात, ते डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत दाखवून दिले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

मनन म्हणजे आपल्या अनुभवाकडे थांबून, प्रश्न विचारत पाहणे. त्याची पायाभरणीही निघण्यापूर्वीच होते. अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये काम करता करता होणारे मनन आणि काम संपल्यावर मागे वळून केलेले मनन असा भेद केला. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांचे १९८८ चे मननाचे चक्र सहा टप्प्यांचे आहे : काय घडले, काय वाटले, काय बरे-वाईट झाले, ते तसे का झाले, त्यातून काय उमगले, पुढच्या वेळी काय करणार. विद्यार्थी पहिल्या टप्प्यावर पानेच्या पाने लिहितात आणि ‘का’पाशी येऊन थांबतात. म्हणून निघण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर आपले अंदाज लिहावेत : तिथले रुग्ण कसे असतील, कशाची कमतरता असेल, मला कशाची भीती वाटते. हे पान खोडू नये. तिसऱ्या आठवड्यात तेच पुन्हा वाचले की आपला कोणता समज कोठून आला होता, हे दिसू लागते.

वहीत रुग्णाचे नाव, गाव किंवा ओळख पटेल असा तपशील लिहीत नाहीत. परतल्यावरचा अहवाल महाविद्यालयाला द्यावा लागतोच. त्याची एक प्रत ज्यांनी शिकवले त्यांनाही, त्यांना वाचता येईल अशा भाषेत पाठवावी आणि त्यात काय चुकले आहे हे त्यांना विचारावे.