फास्ट फूडच्या आधी मोटार आली

अमेरिकेतल्या फास्ट फूडचा इतिहास बहुतेक वेळा बर्गरपासून सांगतात. तो पार्किंगपासून सांगितला तर जास्त नीट कळतो.

अगदी सुरुवातीला मात्र मोटारीचा फारसा संबंध नव्हता. व्हाइट कॅसल ही पहिली बर्गर साखळी १९२१ मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात निघाली. बर्गर पाच सेंटला. दुकानं कारखान्यांजवळ, ट्रामच्या थांब्यांजवळ, कारण गिऱ्हाईक पायी यायचं. आपला वडापाव दादर स्टेशनाबाहेर वाढला, त्यामागचं गणितही हेच. माणसांची ये-जा जिथून, तिथे घाईचं खाणं. अमेरिकेत ही ये-जा रुळांवरून डांबरी रस्त्यावर सरकली. १९२० मध्ये त्या देशात सुमारे ८० लाख मोटारी होत्या. दशक संपेपर्यंत त्या दोन कोटींच्या पुढे गेल्या. फोर्डची मॉडेल टी तोवर साध्या कामगाराच्या आवाक्यात आली होती.

गाडीवाल्यांसाठी पहिली सोय केली टेक्सासने. १९२१ मध्येच डॅलस ते फोर्ट वर्थ रस्त्यावर पिग स्टँड उघडलं. गाडी लावायची, पोऱ्या धावत येणार, ऑर्डर घेणार आणि डुकराच्या मांसाचं सँडविच गाडीतच आणून देणार. या पोऱ्यांना आणि नंतरच्या मुलींना 'कारहॉप' म्हणत. पुढची वीस-पंचवीस वर्षं हीच पद्धत चालली. विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियात, जिथे ऊन भरपूर, पाऊस कमी आणि शहर आडवं पसरलेलं.

मॉरिस आणि रिचर्ड मॅकडोनाल्ड या भावांचं सॅन बर्नार्डिनोतलं ड्राइव्ह-इन याच पठडीतलं. १९४० साली उघडलेलं, उत्तम चालणारं. पण धंदा चांगला असला तरी डोकेदुखी मोठी होती. कारहॉप मुली सतत काम सोडून जायच्या, काचेचे ग्लास आणि चमचे-काटे गायब व्हायचे आणि आवारात तरुण पोरांचा अड्डा पडलेला असायचा. या पोरांमुळे मुलाबाळांना घेऊन येणारं कुटुंब बिचकायचं. भावांनी हिशेब तपासला तेव्हा दिसलं, की विक्रीतला सुमारे ८० टक्के वाटा एकट्या हॅम्बर्गरचा आहे. १९४८ च्या शरद ऋतूत त्यांनी चालतं दुकान चक्क बंद केलं आणि डिसेंबरात उघडलं ते वेगळंच काही. कारहॉप नाहीत, प्लेट नाही, चमचा नाही. मोजके नऊ पदार्थ, कागदी वेष्टन आणि तीस सेंटचा बर्गर पंधराला. स्वयंपाकघरात प्रत्येकाला एकच काम, मोटारीच्या कारखान्यातल्यासारखं. पुढे १९५२ च्या सुमाराला नवी इमारत बांधायची ठरली, तेव्हा स्वयंपाकघराचा आराखडा त्यांनी टेनिस कोर्टवर खडूने आखून, कामगारांना त्यावर फिरवून पाहिला.

यातली खरी गंमत वेगळीच आहे. ज्याला आपण आज गाडीवाल्यांचं खाणं म्हणतो, त्याच्या जन्माच्या वेळी गिऱ्हाइकाला गाडीतून उतरवलं गेलं. जुनी मंडळी सवयीने गाडीतच बसून हॉर्न वाजवत राहिली आणि सुरुवातीला विक्री पडलीसुद्धा. मग स्वस्ताई जिंकली. मोटारीने आणलेल्या कटकटी निस्तरता निस्तरता हे मॉडेल घडलं, असं माझं मत. मोटार मात्र बाहेर पार्किंगमध्ये उभीच होती. मॅकडोनाल्ड्सच्या इमारतींवरच्या १९५३ पासूनच्या सोनेरी कमानी भरधाव गाडीतून लांबूनच दिसाव्यात अशाच होत्या.

मिल्कशेकची यंत्रं विकणारा रे क्रॉक १९५४ मध्ये भावांच्या दुकानात आला, १९५५ मध्ये त्याने शिकागोजवळ डेस प्लेन्सला आपली शाखा उघडली आणि १९६१ मध्ये भावांचं मूळ दुकान सोडून बाकी सगळा धंदा २७ लाख डॉलरना घेतला. त्याचा माणूस हॅरी सॉनबॉर्न याने कंपनीला जमिनीच्या धंद्यात उतरवलं: मोक्याची जागा कंपनीने भाड्याने घ्यायची आणि दुकान चालवणाऱ्याला चढ्या भाड्याने द्यायची. मोक्याची म्हणजे कुठली? शहराबाहेरच्या नव्या वसाहतींकडे जाणाऱ्या रस्त्यावरची. त्या वसाहतींत घरं एकीकडे, दुकानं दुसरीकडे. पायी जाऊन काही आणण्याची सोयच नाही.

१९५६ च्या महामार्ग कायद्याने ४१ हजार मैलांचं जाळं मंजूर केलं, नव्वद टक्के खर्च केंद्र सरकारचा. हा रस्ता एखाद्याला कसा उठवतो आणि कसा बसवतो, ते केएफसीच्या हार्लंड सँडर्सकडे पाहिलं की कळतं. केंटकीतल्या कॉर्बिनला त्याचा पेट्रोल पंप होता. १९३० पासून तो थांबलेल्या प्रवाशांना जेवू घालायचा, आधी आपल्याच जेवणाच्या टेबलावर. पुढे रेस्तराँ झालं, मोटेल झालं, तळलेल्या कोंबडीची ख्याती झाली. सगळं रूट २५ वरच्या वाहतुकीच्या जिवावर. मग नवा महामार्ग कॉर्बिनला वळसा घालून जाणार असं ठरलं. १९५६ मध्ये त्याला सगळं लिलावात काढावं लागलं. वय पासष्टीचं, हातात सरकारी पेन्शनचे महिना १०५ डॉलर. म्हातारा मसाला आणि प्रेशर कुकर गाडीत टाकून गावोगाव फिरू लागला. दर कोंबडीमागे काही सेंट घेऊन आपली कृती वापरू देऊ लागला. १९६४ मध्ये त्याने कंपनी विकली तेव्हा सहाशेहून जास्त ठिकाणी ही कोंबडी मिळत होती.

गाडीत बसून खाणं परत आलं ते खिडकीच्या, म्हणजे ड्राइव्ह-थ्रूच्या रूपाने: गाडी खिडकीशी न्यायची, खाणं घ्यायचं आणि निघायचं. इन-एन-आउट या बर्गरच्या दुकानाने १९४८ मध्येच लॉस एंजेलिसच्या पूर्वेला बाल्डविन पार्कमध्ये स्पीकरवरून ऑर्डर घ्यायला सुरुवात केली होती आणि १९५१ मध्ये सॅन दिएगोत जॅक इन द बॉक्स हे तसंच दुकान निघालं. मॅकडोनाल्ड्सला मात्र १९७५ उजाडलं, तेही अ‍ॅरिझोनातल्या सिएरा व्हिस्टात. जवळच्या फोर्ट हुआचुकातल्या सैनिकांना कामाच्या गणवेशात तळाबाहेर गाडीतून उतरायला मनाई होती. म्हणून भिंत फोडून खिडकी केली. आज त्या कंपनीची अमेरिकेतली बहुतांश विक्री अशाच खिडक्यांमधून होते आणि पदार्थही एका हाताने खाता येतील असे बेतलेले असतात, दुसरा हात स्टिअरिंगवर असतो म्हणून.

मिनियापोलिस शहराने २०१९ मध्ये नव्या ड्राइव्ह-थ्रूंवर बंदी घातली: चालू इंजिनांचा धूर नको आणि पादचाऱ्यांना अडथळा नको. पुढच्याच वर्षी कोविड आला, बसून खाण्याच्या जागा बंद पडल्या आणि गाड्यांच्या रांगा लांबत गेल्या. २०२२ मध्ये त्याच शहराजवळच्या ब्रुकलिन पार्क उपनगरात टाको बेल या फास्ट फूड साखळीने एक दुकान उघडलं. खाली गाड्यांच्या चार रांगा, वर माळ्यावर स्वयंपाकघर, आणि खाणं लिफ्टमधून थेट गाडीच्या खिडकीशी.