पेशीच्या वाढीचा जुना वाद आणि नवे काटे

पेशी दुप्पट होते आणि विभागते, इथपर्यंत कोणाचाच वाद नाही. खरा वाद मधल्या काळाचा आहे. तिच्या वाढीचा वेग सारखाच राहतो, की ती मोठी होईल तसा वेगही वाढत जातो? पहिली वाढ रेषीय, दुसरी घातांकी. दोन्ही आलेख एकाच बिंदूपासून निघून एकाच बिंदूला पोचतात आणि त्यांच्यातलं अंतर कुठेही सुमारे ६ टक्क्यांच्या वर जात नाही. वाद इतका रेंगाळला तो यामुळेच. १९५०च्या दशकात पेशीतून जाणाऱ्या प्रकाशावरून तिचं वस्तुमान मोजणारे इंटरफेरन्स सूक्ष्मदर्शक आले, छिद्रातून जाणाऱ्या पेशींचं आकारमान विद्युतरोधावरून मोजणारी यंत्रं आली. पण ६ टक्क्यांचा निवाडा त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता, आणि दोन्ही बाजू आपापलाच निष्कर्ष काढत राहिल्या.

हा प्रश्न किरकोळ नाही. वाढ घातांकी असेल तर मोठ्या पेशी आणखी वेगाने वाढणार आणि पिढ्यांगणिक आकारांतली तफावत रुंदावणार. प्रत्यक्षात तसं होत नाही. म्हणजे पेशीकडे स्वतःचा आकार आवरण्याची काहीतरी सोय असलीच पाहिजे.

मग पेशी थेट तोलायचे काटे आले. सूक्ष्म पट्टी कंप पावत ठेवायची; तिच्यावर वजन आलं की कंपनाचा वेग बदलतो, त्यावरून वस्तुमान काढायचं. अडचण पाण्याची होती. पेशीला द्रव लागतो, आणि पट्टी द्रवात बुडाली की तिचं कंपन दबतं, बारीक फरक कळेनासे होतात. २००७ साली यावर निघालेला तोडगा मला आजही विलक्षण वाटतो: पट्टीच पोकळ करायची, पेशीसकट द्रव आत, बाहेर निर्वात. फेमटोग्रॅमच्या (ग्रॅमचा दशलक्ष-अब्जावा भाग) पातळीवरचे फरक दिसू लागले. २०१० मध्ये एकच पेशी पुन्हा पुन्हा मोजून जिवाणू, यीस्ट आणि उंदराच्या पेशी तपासल्या गेल्या. जड पेशी हलक्या पेशींपेक्षा वेगाने वाढताना दिसल्या. माझ्या मते रेषीय बाजू तिथेच कमकुवत झाली. २०१२च्या मोजणीत डीएनएची प्रत बनायला सुरुवात होते त्या टप्प्यावर पेशी-पेशींतल्या वाढवेगाची तफावत कमी होते असं आढळलं. आकार आवरणारी सोय तिथे असावी.

२०१७ मध्ये दुसऱ्या पद्धतीच्या काट्यावर पेशीचं वस्तुमान काही सेकंदांत १ ते ४ टक्के वरखाली होताना दिसलं. त्यावरून आधीच्या मोजण्या निकालात काढणं घाईचं आहे. पोकळ पट्टी पेशीचं पूर्ण वस्तुमान मोजतच नाही; सभोवतालच्या द्रवापेक्षा पेशी जितकी जड, तेवढंच तिला कळतं. पेशीत पाणी आलं-गेलं तर त्या आकड्यात जवळपास फरक पडत नाही. दुसरा काटा मात्र पाण्यासकट सगळं मोजतो.