पेपर जाम (घरगुती प्रिंटर)

प्रिंटरमधून जाणारा कागद ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळी पोहोचला नाही, की त्याला पेपर जाम म्हणतात. बोलताना आपण ‘कागद अडकला’ किंवा ‘प्रिंटरने कागद खाल्ला’ असे म्हणतो; यंत्राच्या लेखी मात्र प्रश्न उशिराचा असतो. कागदाच्या वाटेवर दोन-तीन ठिकाणी सेन्सर असतात. कागदाची पुढची कड एका सेन्सरवरून दुसऱ्यापर्यंत किती वेळात यायला हवी आणि मागची कड कधी निघून जायला हवी, याचे वेळापत्रक यंत्रात आधीच भरलेले असते. ते चुकले की मोटर थांबते आणि दिवा लुकलुकू लागतो. आत एकही कागद दिसत नाही, तरी जामची सूचना जात नाही, असा अनुभव म्हणूनच येतो. सेन्सरची बोटाच्या नखाएवढी प्लॅस्टिकची पट्टी एखाद्या कपट्याखाली दबलेली असते आणि यंत्राला तो कपटा म्हणजे अख्खा कागद वाटत राहतो.

एक कागद सुटा कसा होतो

छपाईपेक्षा अवघड काम असते ते गठ्ठ्यातून एकच कागद उचलण्याचे. घरगुती यंत्रात हे काम दोन साधे भाग करतात. वरून फिरणारा रबरी पिकअप रोलर कागद पुढे ओढतो आणि खालची सेपरेशन पॅड, म्हणजे रबर किंवा बूच यांसारख्या खरखरीत पदार्थाची छोटी पट्टी, मागून येणाऱ्या दुसऱ्या कागदाला अडवते. सगळी मदार घर्षणाच्या उतरंडीवर असते. रोलर आणि कागद यांच्यातले घर्षण सर्वांत जास्त हवे, पॅड आणि कागद यांच्यातले त्याहून कमी, आणि कागदा-कागदांतले सर्वांत कमी. बहुतेक तक्रारी या उतरंडीतली एखादी पायरी ढासळल्यामुळे येतात. रोलर गुळगुळीत झाला की यंत्र कागद ओढतच नाही. नुसता घर्र आवाज येतो आणि ट्रे भरलेला असूनही ‘कागद संपला’ अशी सूचना मिळते. पॅड झिजली की दोन-दोन, चार-चार कागद एकदम आत जातात. कागद एकमेकांना चिकटले तरी तेच होते.

सुट्या झालेल्या कागदाला पुढे सरळ करणारे रोलर भेटतात. ते क्षणभर थांबलेले असतात. कागदाची कड त्यांच्यावर टेकते, मागून रेटा येत असल्याने कागदाला किंचित फुगवटा येतो आणि कड सरळ झाली की रोलर फिरू लागतात. ट्रेमधल्या बाजूच्या पट्ट्या सैल असतील तर कागद इतका तिरका येतो की या रोलरांनाही तो आवरत नाही. पट्ट्या फार आवळल्या तर गठ्ठा कमानीसारखा वाकतो. पट्टी कागदाला टेकावी, दाबू नये.

कागद

प्रिंटरला दोष देण्याआधी कागद पाहावा, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. ए-४ कागद २१० × २९७ मिमी असतो. ए-० चे क्षेत्रफळ एक चौरस मीटर आणि ए-४ त्याचा सोळावा भाग. म्हणून ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) एक ए-४ कागद बरोबर ५ ग्रॅमचा आणि ५०० कागदांचे रिम अडीच किलोचे भरते. बाजारात ७०, ७५ आणि ८० जीएसएमचे रिम सहज मिळतात. पातळ कागद स्वस्त पडतो, पण दमट हवेत तो लवकर मऊ पडतो.

दमटपणा हे कोकण, गोवा आणि मुंबईतल्या पावसाळी जामचे मुख्य कारण आहे. कागद हवेतला ओलावा शोषतो; चकली सादळते तसाच तोही सादळतो. सादळलेले कागद एकमेकांना धरून बसतात, त्यांच्या कडा वळतात, आणि लेझर प्रिंटरच्या उष्णतेने ओलावा एकदम उडाला की सुरकुत्या पडतात. रिमच्या वेष्टनाला आतून ओलावा अडवणारा थर असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. वेष्टन फाडून टाकू नये. लागतील तेवढेच कागद काढून उरलेले त्यातच गुंडाळावेत. जून ते सप्टेंबर ट्रे भरून ठेवण्याची सवय सोडलेलीच बरी. याउलट विदर्भ-मराठवाड्यातल्या कडक उन्हाळ्यात कोरड्या कागदावर स्थिर विद्युतभार साठतो आणि कागद वेगळ्याच कारणाने चिकटतात. दोन्ही वेळी उपाय एकच: ट्रेमध्ये घालण्याआधी गठ्ठा दोन्ही टोकांना धरून वाकवावा, कडा फडफडवाव्यात आणि मग टेबलावर आपटून सारखा करावा.

एका बाजूने छापलेला कागद उलटून वापरण्याची काटकसर आपल्याकडे घरोघरी असते. कागद सपाट असेल तर त्यात काही वावगे नाही. मात्र स्टेपलरची पिन, चिकटपट्टी किंवा दुमडलेला कोपरा राहिलेला नसावा. एक पिन लेझर प्रिंटरच्या ड्रमवर, म्हणजे ज्यावर पानाची प्रतिमा तयार होते त्या नळकांड्यावर, कायमची चीर पाडू शकते आणि मग प्रत्येक पानावर त्याच जागी काळी रेघ उमटते. सादळलेले, वळलेले पाठकोरे कागद मुलांच्या चित्रांसाठी ठेवावेत.

काही जाम कागदाचे नसून आकाराचे असतात. संगणकात अमेरिकी लेटर आकार, २१६ × २७९ मिमी, निवडलेला असतो आणि ट्रेमध्ये ए-४. हा कागद १८ मिमीने लांब असल्याने यंत्राच्या हिशेबाने तो निघून गेलेला असायला हवा, तेव्हाही सेन्सरवर असतो. काही यंत्रे त्यालाच जाम समजतात. सेटिंग बदलले की ‘बिघाड’ दुरुस्त होतो.

अडकलेला कागद काढणे

लेझर प्रिंटरची कागदाची वाट फोटोकॉपीयंत्राकडून आलेली आहे. गॅरी स्टार्कवेदर यांना झेरॉक्स कंपनीत १९६९ च्या सुमारास लेझरने छापण्याची कल्पना सुचली, तीही फोटोकॉपीयंत्रालाच लेझर जोडण्याची. १९८४ मध्ये कॅनन कंपनीच्या छपाई-यंत्रणेवर बांधलेला एचपी लेझरजेट आला आणि हे तंत्र टेबलावर पोहोचले. या घराण्याला आगीची धास्ती जुनी आहे. ज्या कंपनीच्या नावावरून आपण कुठल्याही छायाप्रतीला ‘झेरॉक्स’ म्हणतो, तिच्या १९५९ च्या ९१४ यंत्रात अडकलेला कागद तापून पेट घेऊ शके. म्हणून त्यासोबत ‘स्कॉर्च एलिमिनेटर’ असे सौम्य नाव दिलेले छोटे अग्निशामक दिले जाई. आजचे यंत्र तसे पेटत नाही, पण टोनरची पूड वितळवून कागदावर बसवणारा फ्यूजर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. म्हणून आधी यंत्र बंद करून प्लग काढावा आणि अर्धा तास थांबावे.

त्यानंतर झाकण उघडून टोनरची डबी, म्हणजे कार्ट्रिज, बाहेर काढावे आणि ते कागदाने किंवा कापडाने झाकून ठेवावे, कारण त्यातल्या ड्रमला उजेड सोसत नाही. कागद शक्यतो त्याच्या जाण्याच्या दिशेनेच, दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरून, सावकाश ओढावा. एका कोपऱ्याला हिसका दिला की कागद फाटतो आणि पाच मिनिटांचे काम दुकानात जाते. फाटलाच तर तुकडे टेबलावर जुळवून पान पुरे होते का ते पाहावे. ही पायरी सगळे टाळतात आणि दोन दिवसांनी तोच जाम पुन्हा येतो. आतला काळा स्पंजासारखा रोलर बोटाने चाचपू नये. हाताचे तेल लागले की छपाईत डाग येतात.

बाहेर आलेला कागद स्वतःच बरेच सांगतो. अक्षरे बोटाला काजळीसारखी लागत असतील तर तो फ्यूजरपर्यंत पूर्ण पोहोचलेला नव्हता. अक्षरे पक्की असून कागदाला पंख्यासारख्या बारीक घड्या पडल्या असतील तर अडचण फ्यूजरमध्ये किंवा बाहेर पडण्याच्या तोंडाशी आहे. दुरुस्तीवाले ज्याला सरसकट ‘टेफ्लॉन’ म्हणतात ते फ्यूजरचे पातळ आवरण फाटले, तरी अशा घड्या पडतात, आणि ते काम घरी करण्यासारखे नसते. सांडलेला टोनर कोरड्या कापडाने टिपावा. कपड्यांवर पडला तर झटकून थंड पाण्याने धुवावा. गरम पाण्याने तो वितळून कायमचा बसतो. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने तो ओढू नये, कारण काही मायक्रॉनचे हे कण साध्या गाळणीतून सरळ खोलीभर पसरतात.

इंकजेटमध्ये उष्णतेची भीती नाही, पण शाईचे डोके असलेली गाडी वाटेत असते. वीज असताना ती जबरदस्तीने ढकलू नये. पुढच्या ट्रेतून कागद घेऊन त्याला आत पूर्ण उलटा वळवणाऱ्या यंत्रांत मागचे झाकण निघते आणि जाम बहुधा त्या वळणावरच सापडतो. मागून उभा कागद घेणाऱ्या यंत्रांत वळण कमी, म्हणून जाड कागद आणि पत्रिकेचे कार्ड त्यांना चांगले झेपते. पण त्यांचा जबडा कायम वर उघडा असतो. त्यातून पेन्सिलीचे तुकडे, केसांच्या पिना, झुरळे आणि क्वचित पालही निघते. काम झाल्यावर वर एक फडके टाकले तरी पुरते.

मुद्रांकाच्या कागदाची गोष्ट वेगळी. तो जाड असतो, घडी घालून आणलेला असतो आणि तो फाटला तर पैसे जातात. आधी साध्या कागदावर छापून मजकूर कुठे बसतो ते पाहावे, घडी जड पुस्तकांखाली रात्रभर दाबून घालवावी आणि एकेकच कागद हाताने घालावा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ए-४ कागद दोन्ही बाजूंनी छापून वापरण्याचा निर्णय घेतल्यापासून वकिलांच्या घरचे प्रिंटरही पाठपोट छापू लागले. अशा छपाईत कागद त्याच वाटेने दोनदा जातो आणि दुसऱ्यांदा तो गरम व वळलेला असतो. हाताने उलटायचा असेल तर निवू द्यावा आणि सपाट करूनच घालावा.

देखभाल

पिकअप रोलरवर कागदाची पांढरी भुकटी बसते. पाण्यात ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने रोलर फिरवत पुसला की बरेचदा यंत्र पुन्हा कागद ओढू लागते. चमक तरीही गेली नाही तर रबर कडक झाले आहे. रोलर आणि पॅड एकदमच बदलावेत. पॉलिश पेपरने रोलर घासणे हा गल्लोगल्ली केला जाणारा उपाय आठवडाभर टिकतो, पण त्याने रोलरचा व्यास कमी होतो. लेझर प्रिंटर घरच्या छोट्या यूपीएसवर लावू नये. फ्यूजर तापताना एकदम जास्त वीज ओढतो आणि यूपीएस कोलमडतो.

इंकजेटचा शत्रू म्हणजे वापर न होणे. आठवड्यातून एकदा चारही रंगांचे एक पान छापले तर शाई तोंडाशी सुकत नाही. यंत्र त्याच्याच बटणाने बंद करावे, भिंतीवरच्या बोर्डावरून नव्हे, कारण बटण दाबल्यावर शाईचे डोके जागेवर जाऊन टोपीखाली झाकले जाते. बोर्डावरून वीज तोडली तर ते उघडेच राहते. पट्टे उमटू लागले की आधी नोझल चेक, म्हणजे शाईची कोणती छिद्रे बंद आहेत ते दाखवणारे चाचणीचे पान, छापावे. सफाईची आज्ञा एक-दोनदा द्यावी. तरी फरक पडला नाही तर काही तास थांबावे. लागोपाठ दहा वेळा सफाई करणाऱ्याची शाई कागदावर न पडता वाया जाते.

ही वाया गेलेली शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या नमद्यासारख्या पॅडमध्ये मुरते. यंत्र तिचा अंदाज मोजत असते आणि मर्यादा गाठली की छापायचे थांबते. बाजारात यावर ‘रीसेट’ मारून मिळतो. त्याने मोजणी शून्यावर येते, पण पॅड मात्र भिजलेलीच राहते. ती बदलली नाही तर काही महिन्यांनी प्रिंटरखालच्या टेबलावर काळपट जांभळा ओघळ दिसतो.