ईएसआय कापत होते आणि नोकरी गेली: राजीव गांधी योजना की अटल योजना?

पगारपत्रकावर पीएफच्या खाली ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, एक लहानशी कपात असते. पगाराचा पाऊण टक्का, आणि मालक त्यात आपले सव्वातीन टक्के घालतो. दरमहा १५,००० रुपये मिळवणाऱ्याचे त्यात ११३ रुपये जातात. 'दवाखान्याचे पैसे' म्हणून तो ते सोडून देतो आणि काम सुटलं की ईएसआयशी आपला संबंध संपला असं धरून चालतो. हे चूक आहे. काम गेल्यावर रोख पैसे देणाऱ्या दोन योजना याच कपातीतून चालतात, आणि ज्यांच्यासाठी त्या आहेत त्यांतल्या फार थोड्यांना त्यांची नावं सांगता येतील.

पहिली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासूनची. दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासूनची. दोन्हींना माजी पंतप्रधानांची नावं, दोन्हींत 'कल्याण', दोन्हींत अर्ध्या पगाराचा हिशोब आणि दोन्हींचं काम ईएसआयसीच्या, म्हणजे हा विमा चालवणाऱ्या महामंडळाच्या, त्याच शाखा कार्यालयात. त्यामुळे लोक एकीच्या अटी ऐकून दुसरीचा अर्ज भरतात, किंवा एकीत बसत नाही म्हणून दुसरी विचारतच नाहीत. यातला दुसरा प्रकार जास्त नुकसान करतो.

दोन्ही योजना फक्त ईएसआयच्या विमाधारकांसाठी आहेत. म्हणजे ज्यांचा महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे (अपंग कामगारांसाठी २५,०००) आणि ज्यांची कंपनी, दुकान किंवा ठेकेदार वर्गणी भरतो, असे कामगार. घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षावाले, नाक्यावर उभे राहणारे मजूर यांतल्या कशातच येत नाहीत. ती उणीव मोठी आहे, पण तो विषय वेगळा.

आता खरा फरक. राजीव गांधी योजना विचारते: काम का गेलं? तिला तीनच उत्तरं चालतात. कारखाना किंवा आस्थापना बंद पडली, कामगार कायद्याप्रमाणे रीतसर कामगार-कपात (रिट्रेंचमेंट) झाली, किंवा कामाबाहेरच्या दुखापतीने निदान ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं. कामावर झालेल्या अपघातासाठी ईएसआयमध्ये वेगळा लाभ आहे, तो इथे मिसळू नका. यांतलं एक कारण लागू झालं आणि वर्गणीची अट पुरी असली, तर मिळतं ते भरघोस आहे. पहिले १२ महिने सरासरी रोजच्या पगाराच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. तोवर स्वतःला आणि कुटुंबाला ईएसआयचा दवाखाना चालू. नवं कौशल्य शिकायचं असेल तर प्रशिक्षणाची फी आणि प्रवासखर्चही महामंडळ देतं. वर्गणीची अट सुरुवातीला पाच वर्षांची होती, ती पुढे शिथिल झाली. लालबाग-परळच्या गिरण्या एकामागून एक बंद होत होत्या तेव्हा असं काही असतं, तर किती घरांना दोन वर्षं तरी श्वास घेता आला असता, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

अटल योजना विचारते: काम जाऊन किती दिवस झाले, आणि त्याआधी वर्गणी भरली होती का? कारण ती फारसं उकरत नाही. गैरवर्तनाबद्दल शिक्षा म्हणून काढलं असेल, निवृत्तीचं वय झालं असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर ती मिळत नाही. कंपनी चालू आहे, फक्त तुम्हालाच 'उद्यापासून येऊ नका' म्हटलं, अशा कामगारासाठी ती आहे. मात्र पैसे जास्तीत जास्त ९० दिवसांचे, आणि आयुष्यात एकदाच.

रक्कम कशी निघते ते नीट पाहू, कारण यात लोक फसतात. अटल योजनेत मागच्या चार वर्गणी-कालावधींची, म्हणजे दोन वर्षांची, एकूण कमाई घेतात आणि तिला ७३० ने भागतात. कामाच्या दिवसांनी नाही, कॅलेंडरच्या दिवसांनी. १५,००० रुपये पगार दोन वर्षं अखंड असेल तर कमाई ३,६०,०००, रोजची सरासरी सुमारे ४९३, तिचे निम्मे साधारण २४६ रुपये. ९० दिवसांचे होतात २२,००० रुपयांच्या आसपास. पण त्या दोन वर्षांत चार महिने ब्रेक दिला असेल, तर भाजक ७३० च राहतो आणि रक्कम १८,५०० च्या घरात येते. त्याच पगारावर राजीव गांधी योजनेत पहिल्या वर्षी महिन्याला साडेसात हजार, दुसऱ्या वर्षी पावणेचार हजार, म्हणजे दोन वर्षांत सव्वा लाखाच्या वर जातं.

इतका फरक असूनही मी अटल योजनेला कमी लेखणार नाही. तिच्यापर्यंत कामगाराचा हात पोहोचतो, आणि तो पोहोचावा म्हणून नियम बदलावे लागले. २०१८ मध्ये ती आली तेव्हा पैसे २५ टक्केच होते. काम जाऊन ९० दिवस होईपर्यंत हक्क लागत नव्हता. अर्ज शेवटच्या मालकामार्फत जायचा. सोबत २० रुपयांच्या स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र. ज्याने काढून टाकलं त्याच्याच दारात सहीसाठी जायचं, तेही तीन महिने उसनवारीवर काढल्यानंतर.

कोविडने हे उघडं पाडलं. ऑगस्ट २०२० मध्ये महामंडळाने २४ मार्च २०२० पासून काम गेलेल्यांसाठी दर ५० टक्के केला, थांबायचा काळ ३० दिवसांवर आणला, अर्ज कामगाराने थेट शाखा कार्यालयात द्यावा असं ठरवलं आणि पैसे थेट बँक खात्यात पाठवले. वर्गणीची अटही सैल झाली. आधी चारही कालावधींत ७८-७८ दिवसांची वर्गणी लागत असे. आता काम जाण्याआधीच्या लगतच्या कालावधीत ७८ दिवस आणि उरलेल्या तिघांपैकी एकात ७८ दिवस पुरतात. मात्र निदान दोन वर्षं विमाधारक असायला हवं. वर्गणी-कालावधी सहा महिन्यांचा, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, त्यामुळे ७८ म्हणजे जवळपास निम्मे कामाचे दिवस. मध्ये ब्रेक खाणाऱ्या कंत्राटी कामगाराला हा बदल फार मोलाचा आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रतिज्ञापत्राची अट गेली, आणि कागद स्कॅन करून ऑनलाइन चढवले असतील तर हेलपाटा घालायची गरजही उरली नाही. हे बदल मूळचे ठरावीक मुदतीचे होते. मुदत वेळोवेळी वाढत आली आहे, तेव्हा अर्जाच्या दिवशी काय लागू आहे ते शाखा कार्यालयात विचारून घ्या.

राजीव गांधी योजनेची गाठ मात्र अजून मालकाच्या कागदाशीच आहे. बंद पडल्याचा किंवा कपातीचा पुरावा कामगाराच्या हातात क्वचितच असतो. होतं असं की एचआरवाला बोलावतो आणि कोरा कागद पुढे सरकवतो: "राजीनामा लिहून द्या, फुल अँड फायनल आठ दिवसांत करतो." घरी हप्ते थकलेले असतात, माणूस लिहून देतो. त्या चार ओळींनी दोन वर्षांच्या भत्त्याचं दार बंद होतं. अटल योजनेतही आपण होऊन काम सोडल्याचा कागद तुमच्या बाजूने बोलत नाही. म्हणून काढत असतील तर तसं लेखी मागा. देत नसतील तर तारखेसह ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर 'आजपासून मला कामावर घेतलं नाही' एवढं तरी पाठवून ठेवा.

अडकण्याची दुसरी जागा कामगाराला दिसतही नाही. मालक दर महिन्याला पोर्टलवर वर्गणीची फाईल चढवतो. ज्याचे त्या महिन्यातले कामाचे दिवस शून्य, त्याच्यापुढे कारण निवडावं लागतं: रजेवर, नोकरी सोडली, निवृत्त, संप किंवा टाळेबंदी, कामगार-कपात, काम नाही. कारकून सवयीने 'नोकरी सोडली' निवडून मोकळा होतो आणि शेवटच्या दिवसाची तारीख टाकतो. काम गेल्यावर पहिल्या महिन्यातच विमाधारकाच्या लॉगिनवर जाऊन आपली वर्गणी आणि माहिती बघा, आणि चूक असेल तर शाखा कार्यालयाला लेखी कळवा.

तिसरं, विमा क्रमांक. तो आयुष्यभर एकच असायला हवा. पण ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार जुना क्रमांक न विचारता नवा काढतो, आणि तुमची दोन वर्षांची वर्गणी दोन-तीन क्रमांकांवर विखुरते. मग कुठल्याच क्रमांकावर अट पुरी होत नाही. नव्या जागी रुजू होताना जुनं ई-पहचान कार्ड, म्हणजे ईएसआयचं ओळखपत्र, पुढे करा. आधार आणि बँक खातं त्याच क्रमांकाला जोडलेलं असू द्या, नावाचं स्पेलिंगसुद्धा तपासा.

मग अर्ज कुठला करायचा? कंपनीला टाळं लागलंय किंवा कपातीचं पत्र हातात आहे, तर आधी राजीव गांधी योजना. एकाच काळासाठी दोन्हीकडून रोख पैसे मिळत नाहीत, आणि अटल योजना एकदाच वापरता येते, ती उगाच खर्चू नका. असं पत्र नसेल तर मात्र वाट बघत बसू नका, ३० दिवस झाले की अटलचा अर्ज टाका. त्या काळात दवाखान्याचा लाभही मिळतो. पीएफची रक्कम आणि कपातीची नुकसानभरपाई हे तुमचे वेगळे हक्क आहेत, ते यातून वजा होऊ देऊ नका.

राहिलेलं काम महामंडळाचं आहे. कोणाचे दिवस शून्यावर आले हे त्यांच्या पोर्टलला पहिल्याच महिन्यात कळतं, आणि कामगाराचा मोबाईल नंबरही त्यांच्याकडे नोंदलेला असतो. मालकाने कुठलं कारण लिहिलं, ते मान्य आहे का, आणि कोणत्या योजनेला तुम्ही पात्र दिसता, एवढं सांगणारा मराठी संदेश त्या नंबरवर जायला हवा. आक्षेप असेल तर कारण सिद्ध करायची जबाबदारी मालकावर टाकावी, रोजगार गमावलेल्या माणसावर नाही. २०२० मध्ये अटल योजनेतून मालकाची सही काढता आली, तर राजीव गांधी योजनेतूनही ती काढता येईल.