समुद्रशैवले, आयोडीन आणि थायरॉइडचे आरोग्य : कोकण किनारा

थायरॉइड अर्थात अवटू ग्रंथीला लागणारे आयोडीन आहारातील समुद्रशैवले, मासळी, आयोडीनयुक्त मीठ किंवा पूरक गोळ्या यांतून मिळवता येते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या कोकण किनाऱ्यावर समुद्र अगदी दाराशी आहे आणि त्यामुळे येथील माणसाला आयोडीनची ददात नसणार, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात या किनाऱ्यावरच्या घरांत रोजचे आयोडीन मुख्यतः येते ते वाण्याकडच्या मिठाच्या पिशवीतून; खडपांवरच्या शैवलांचा त्यात वाटा जवळपास नाही आणि मासळीचा आहे तो हंगामाप्रमाणे कमीजास्त होणारा.

गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली ही ग्रंथी रक्तातील आयोडाइड ओढून घेते आणि त्यापासून थायरॉक्सिन (टी-४) व ट्रायआयोडोथायरोनिन (टी-३) ही संप्रेरके बनवते. पहिल्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, दुसऱ्याच्या रेणूत तीन. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २५० मायक्रोग्रॅमची शिफारस केली आहे. पुरवठा दीर्घकाळ तोकडा पडला, तर मेंदूतील पोष ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक अधिक सोडून थायरॉइडला कामाला जुंपते, ग्रंथी वाढते आणि गलगंड दिसू लागतो. त्याहून गंभीर हानी गर्भाची होते, कारण त्याच्या मेंदूची वाढ याच संप्रेरकांवर अवलंबून असते आणि या काळात राहिलेली उणीव पुढे भरून काढता येत नाही.

आयोडीनचा शोधच मुळी समुद्री वनस्पतींच्या राखेत लागला. १८११ मध्ये बर्नार कुर्त्वा हा फ्रेंच कारखानदार सोरा तयार करण्यासाठी अशी राख वापरत असताना तिच्यावर तीव्र सल्फ्युरिक अम्ल जास्त पडले आणि जांभळी वाफ उठली. थंड पृष्ठभागावर तिचे काळसर चकचकीत स्फटिक झाले. गलगंडावर जाळलेला स्पंज देण्याची युरोपातील जुनी रीत ध्यानात घेऊन जिनिव्हाचे डॉक्टर झां-फ्रांस्वा क्वांदे यांनी १८२० मध्ये आयोडीनचा उपचार पुढे आणला. चीनमध्ये तर चौथ्या शतकापासूनच गलगंडावर समुद्रशैवले दिल्याची नोंद आहे. मात्र क्वांदे यांच्या उपचाराची कीर्ती पसरताच लोक मनाने आयोडीन घेऊ लागले, अतिसेवनाचे दुष्परिणाम दिसले आणि जिनिव्हातच त्यावर वाद माजला. आजच्या पूरकांच्या बाबतीतला पेच तेव्हाही हाच होता.

कोकणात मालवण, कुणकेश्वर, विजयदुर्ग, रत्नागिरी अशा खडकाळ ठिकाणी ओहोटीला कातळ उघडे पडले की शैवलांचे थर दिसतात. पावसाळा सरल्यावर तांबूस-तपकिरी सरगॅसम वाढू लागते, हिवाळ्यात त्याचे दाट ताटवे होतात आणि पुढे उन्हाने व लाटांनी तुटून ते पुळणीवर येऊन पडते. हिरवे, कागदासारखे पातळ उल्व्हा, पंख्याच्या आकाराचे पॅडिना आणि लालसर ग्रॅसिलेरिया हीही येथे सापडतात. सुशी गुंडाळायला वापरतात त्या जपानी नोरीच्या कुळातले पोर्फिरा हे शैवल तर भर पावसाळ्यात, खवळलेल्या समुद्राच्या फवाऱ्यात भिजणाऱ्या खडकांवर उगवते, म्हणजे नेमके ज्या दिवसांत कोणी खडपावर उतरत नाही तेव्हा. एरवी ओहोटीला कोयती घेऊन कालवे काढायला जाणाऱ्या बायका याच खडकांवरून हिंडतात, पण शैवल पाटीत भरून घरी आणून रांधण्याची परंपरा या किनाऱ्यावर रुजलेली नाही. वाहून आलेले शैवल माडांच्या बुंध्याशी खत म्हणून घालण्याचा उपयोग मात्र पश्चिम किनाऱ्यावर परिचित आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून शैवलशेतीला उत्तेजन मिळत आहे. त्यात भर आहे तो घट्टपणा आणणाऱ्या कॅराजीनन, अगर यांसारख्या पदार्थांवर, आयोडीनवर नव्हे.

शैवलांतील आयोडीन जातीनुसार इतके बदलते की ‘शैवल खा’ हा सल्ला मात्रेच्या दृष्टीने निरर्थक ठरतो. सुकवलेल्या नोरीत एका ग्रॅममागे साधारण १६ ते ४० मायक्रोग्रॅम आयोडीन असते, तर कोंबू या जपानी केल्पमध्ये, म्हणजे मोठ्या तपकिरी समुद्रशैवलात, ते एका ग्रॅमलाच दोन हजार मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ शकते. म्हणजे मुंबईच्या दुकानात मिळणारा नोरीचा एखादा कागद दिवसाच्या गरजेच्या आत राहतो आणि नखाएवढा कोंबूचा तुकडा ती अनेक पटींनी ओलांडतो. एकाच जातीतही हंगाम, पाण्याचे तापमान, वनस्पतीचा भाग आणि सुकवण्याची पद्धत यांनी आकडा हलतो. उकळल्यास बरेचसे आयोडीन पाण्यात उतरते आणि ते पाणी सूप म्हणून प्यायले, तर पोटातच जाते. जपानच्या होक्काइदो बेटाच्या किनाऱ्यावर कोंबूच्या अतिसेवनाने झालेला गलगंड १९६० च्या दशकात नोंदवला गेला. गलगंड हा नेहमी उणिवेचाच असतो, ही धारणा तेथे खोटी ठरली. ज्या थंड पाण्यात हे मोठे केल्प वाढतात तसे पाणी कोकणाला नाही, त्यामुळे ‘केल्प’ असे लिहिलेल्या गोळ्यांतील माल येथील किनाऱ्यावरचा नसतो.

सरगॅसम तपकिरी वर्गातले असल्याने त्यात आयोडीन बऱ्यापैकी असते, पण म्हणून पुळणीवरचे शैवल उचलून सुकवून खाणे हा मार्ग नव्हे. शैवले पाण्यातील आर्सेनिक आणि जड धातूही शोषून साठवतात. सरगॅसमच्याच प्रजातीतील हिजिकी हे शैवल असेंद्रिय आर्सेनिकमुळे खाऊ नये, असा इशारा ब्रिटनच्या अन्न यंत्रणेने दिलेला आहे. खाडीच्या मुखाशी जेथे गावाचे आणि कारखान्यांचे सांडपाणी येते तेथील शैवलाबद्दल तर बोलायलाच नको. घराघरांत पुडिंगसाठी वापरला जाणारा चायना ग्रास हा लाल शैवलांपासूनच बनतो, परंतु तो धुऊन, उकळून, गाळून काढलेला असल्याने त्याला आयोडीनचा स्रोत म्हणता येत नाही.

मिठाची गोष्ट अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. पेण-उरणची मिठागरे किंवा १९३० च्या सत्याग्रहाने नाव झालेले शिरोडे, येथले खडेमीठ समुद्राचेच असते. तेव्हा त्यात आयोडीन आपसूक असणारच, असे अनेकांना वाटते. हिशेब मात्र वेगळा आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि ५० ते ६० मायक्रोग्रॅम आयोडीन असते. ते सगळेच्या सगळे मिठात उतरले असे धरले, तरी १० ग्रॅम मिठातून १४ ते १७ मायक्रोग्रॅमच मिळतील, आणि प्रत्यक्षात तेवढेही उतरत नाही. याउलट आयोडीनयुक्त मिठात विक्रीच्या ठिकाणी दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असणे कायद्याने बंधनकारक आहे. प्रतिग्रॅम ३० मायक्रोग्रॅम असलेले मीठ दिवसाला ५ ग्रॅम खाल्ले, तरी प्रौढाची गरज भागते. म्हणून रक्तदाबासाठी मीठ कमी करणाऱ्याने आयोडीनसाठी ते पुन्हा वाढवण्याचे कारण नाही.

या कायद्यामागे हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून झालेला, व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग आहे. आयोडीन घातलेल्या मिठाने तेथील गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९९२ मध्ये त्याच्या नावात व कक्षेत आयोडीनच्या उणिवेचे सर्व विकार आले. साध्या, म्हणजे आयोडीन न घातलेल्या मिठाच्या विक्रीवरची केंद्राची बंदी २००० मध्ये उठली होती. ती मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. बंदी थेट खाण्याच्या मिठापुरती आहे, टिकवणीच्या आणि उद्योगाच्या मिठाला सूट आहे. कोकणात या सवलतीला वजन आहे. बांगडा खारवणे, आगळ काढणे, कैरी खारात घालणे यांसाठी अनेक घरांत साधे खडेमीठच लागते, आणि सोलकढीतून किंवा खाऱ्या मासळीतून पोटात जाणारे ते मीठ दिवसाच्या मिठात मोजले जात असले, तरी आयोडीन देत नाही. डाळ-भाजीत पडणारे मीठ आयोडीनयुक्त असले, म्हणजे ही तूट जाणवत नाही. पिठापासून आमटीपर्यंत सगळीकडे खडेमीठच वापरणाऱ्या घरात ती जाणवू शकते.

भारतात मिठात पोटॅशियम आयोडेट मिसळतात, कारण दमट हवेत ते आयोडाइडपेक्षा टिकाऊ असते. तरीही आषाढात पाणी सुटलेल्या उघड्या पिशवीतले मीठ आणि घट्ट झाकणाच्या बरणीतले मीठ सारखे राहत नाही; चुलीवर फार वेळ रटरटणाऱ्या पदार्थात ते शेवटी घातलेले बरे. गावात आशा कार्यकर्तीकडे असलेल्या तपासणी संचातील द्रावणाचे दोन थेंब चिमूटभर मिठावर टाकले, की आयोडीन असल्यास निळा-जांभळा डाग उमटतो. डागाच्या गडदपणावरून नेमके प्रमाण ठरवणे अवघड असते, पण आहे की नाही एवढे स्वयंपाकघराच्या ओट्यावरच कळते.

समुद्री मासे आणि शिंपल्यांतून आयोडीन मिळते. तथापि पावसाळी मासेमारीबंदी, मासळीचे भाव, श्रावण आणि शाकाहारी कुटुंबे लक्षात घेता तेवढ्यावर विसंबता येत नाही. पावसाळ्यात आवडीने खाल्ले जाणारे बांबूचे कोंब आयोडीनच्या वापरात अडथळा आणणारी द्रव्ये देतात. ते चिरून, उकळून, पाणी ओतून टाकण्याची घरातली पद्धत याबाबतीत योग्यच आहे.

पूरकांचा खरा उपयोग मोजक्या लोकांना आहे: आयोडीनयुक्त मीठ आणि मासळी दोन्ही न खाणाऱ्यांना, तसेच डॉक्टरांनी सांगितल्यास गरोदर व स्तनदा मातांना. सरकारी लोह-फोलिक अम्लाच्या गोळीत आयोडीन नसते, हे येथे नोंदवायला हवे. घ्यायचेच झाले, तर १५० मायक्रोग्रॅम आयोडीन देणारी पोटॅशियम आयोडाइडची गोळी केल्पच्या गोळीपेक्षा सरस, कारण केल्पमधील खरे प्रमाण वेष्टनावरच्या आकड्याशी जुळेलच असे नाही. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांतील गफलत तर हजार पटींची असते. पाच टक्के ल्युगोल द्रावणाच्या (आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइड पाण्यात विरघळवलेल्या औषधाच्या) एका थेंबातच सुमारे ६ मिलिग्रॅम, म्हणजे ४० दिवसांचे आयोडीन असते. अमेरिकेत प्रौढांसाठी दिवसाची वरची मर्यादा १,१०० मायक्रोग्रॅम मानतात, युरोपात ६००.

अतिरेक झाला की निरोगी थायरॉइड संप्रेरके बनवणे तात्पुरते थांबवते आणि काही दिवसांत पूर्ववत होते. १९४८ मध्ये वर्णन झालेला हा वुल्फ-चायकॉफ परिणाम होय. शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइडवरच उलटते असा हाशिमोटो विकार असलेल्या व्यक्तीची ग्रंथी यातून सावरतेच असे नाही आणि थायरॉइड मंदावतो. उलट जुना गाठीचा गलगंड असलेल्या वयस्कात तेच आयोडीन ग्रंथीला बेफाम करते, म्हणजे ती संप्रेरके गरजेपेक्षा जास्त बनवू लागते. मीठ आयोडीनयुक्त असलेल्या भागात मंद थायरॉइडचे नेहमीचे कारण आयोडीनची उणीव नसून हाशिमोटो असते, आणि त्यावर उपाय आहे लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे गोळीच्या रूपातले टी-४. ही गोळी सुरू असताना शैवलाची किंवा ‘थायरॉइड सपोर्ट’ नावाची पूरके जोडीला घेतल्यास टीएसएच अस्थिर होऊन मात्रा ठरवणे कठीण जाते. हृदयाच्या ठोक्यांसाठी ऍमिओडेरोन घेणाऱ्यांच्या पोटात २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन आधीच जात असते. लघवीतील आयोडीन मोजून समूहाची स्थिती कळते, एका व्यक्तीची नाही. एकट्या माणसासाठी टीएसएच आणि गरजेनुसार प्रतिपिंडांची तपासणी उपयोगी पडते.

उत्तर कोकणात तारापूर येथे १९६९ पासून अणुवीजकेंद्र चालू असल्याने पोटॅशियम आयोडाइडच्या आणखी एका गोळीचा उल्लेख आवश्यक ठरतो. प्रौढांसाठीची ही १३० मिलिग्रॅमची गोळी किरणोत्सारी आयोडीन ग्रंथीत शिरू नये म्हणून आणीबाणीत, प्रशासनाच्या सूचनेवरूनच घ्यायची असते. तिच्यात रोजच्या गरजेच्या साडेसहाशे पटींहून अधिक आयोडीन असते आणि इतर किरणोत्सारी द्रव्यांपासून ती संरक्षण देत नाही.