संग्रहालयाच्या भांडारात कोणता रंग, कोणतं सीलंट? या प्रश्नामागचा इतिहास

संग्रहालयाच्या भांडाराचं छत गळू लागलं की गवंडी आणि रंगारी बोलावले जातात. भेगेत सिलिकॉन सीलंट भरतात, मांडण्यांना नवं प्लायवूड लावतात, वरून ऑइल पेंटचा हात मारतात. दुरुस्ती पक्की झाली का, एवढंच मग पाहिलं जातं. पण यातलं बरंचसं साहित्य नंतरही वायू सोडत राहतं. सीलंट काही दिवस, लाकूड वर्षानुवर्षं. दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत तो वायू साचतो आणि शेजारच्या वस्तूंना खातो. हे समजायला फार काळ लागला, कारण दोष आधी वस्तूलाच दिला गेला.

1899 मध्ये इंग्लंडमधले शंख-शिंपल्यांचे अभ्यासक लॉफ्टस बाइन यांनी खणांतल्या शंखांवर उमटणाऱ्या पांढऱ्या भुकटीबद्दल लिहिलं. त्यांनी ब्युटिरिक आम्ल आणि जिवाणूंवर ठपका ठेवला. या प्रकाराला ‘बाइनचा रोग’ असं नाव पडलं ते आजही टिकून आहे, जरी तो रोग नाही. 1934 मध्ये जे. आर. निकोल्स यांनी खरं कारण दाखवलं: ओकच्या कपाटांतून निघणारं ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल. तरीही 1945 मध्ये बेल्जियममध्ये व्हॅन टॅसल यांनी संग्रहालयातल्या चुनखडीच्या नमुन्यांवरच्या स्फटिकांचं ‘कॅल्क्लासाइट’ हे नवं खनिज म्हणून वर्णन केलं. निसर्गात नव्हे, लाकडी खणात जन्मलेलं खनिज! खरं तर व्हिनेगरच्या वाफेने शिसं पांढरं पडतं हे रंग बनवणाऱ्यांना दोन हजार वर्षांहून अधिक काळ ठाऊक होतं. सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा रंग, ते तसाच मुद्दाम करत. कारखान्यातलं हे ज्ञान कपाटापर्यंत पोहोचलं नाही, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

वळण आलं 1973 मध्ये. ब्रिटिश म्युझियमचे ॲन्ड्र्यू ऑडी यांनी साहित्य वापरण्याआधीच पारखण्याची साधी चाचणी मांडली. आज ती साधारण अशी करतात: साहित्याचे दोन ग्रॅम, थोडं पाणी आणि चांदी, तांबं, शिसं यांचे छोटे पत्रे बंद काचपात्रात ठेवून 60 अंश सेल्सिअसवर 28 दिवस तापवायचे. चांदी गंधकयुक्त वायू पकडते, शिसं ॲसिटिकसारखी सेंद्रिय आम्लं, तर तांबं क्लोराइडसारखे घटक. पत्रे जसे दिसतील तसा निकाल: कायम वापरायला योग्य, थोड्या काळापुरतं योग्य, किंवा अयोग्य. महागडं यंत्र लागत नाही, म्हणून ती जगभर पसरली.

मात्र सगळं लक्ष शोकेस आणि कपाटांवर राहिलं. इमारतीकडे नजर वळवण्याचं मोठं श्रेय जपानला जातं. केंजो आणि तोइशी यांनी 1975 च्या लेखात नव्या काँक्रीटच्या इमारतींमधल्या कलावस्तूंचा प्रश्न मांडला. ओल्या काँक्रीटमधून अल्कधर्मी पदार्थ हवेत मिसळतात आणि तैलचित्रांतल्या जवसाच्या तेलावर परिणाम करतात. नवी इमारत दोन उन्हाळे वाळू देऊन मगच वस्तू आत न्याव्यात, ही तिथली रीत याच चिंतेतून आली आहे.

रंगांबद्दल कॅनडाच्या संवर्धन संस्थेतले झाँ तेत्रो यांनी 1999 मध्ये मार्गदर्शिका लिहिली. हवेतल्या ऑक्सिजनने वाळणारे तेलयुक्त रंग टाळावेत, पाण्यात मिसळणारा रंग दिल्यावरही किमान चार आठवडे खोली हवेशीर ठेवावी, हा तिचा गाभा. डब्यावर ‘लो व्हीओसी’ (हवेत उडून जाणारी सेंद्रिय रसायनं कमी) लिहिलेलं असलं तरी ते माणसाच्या श्वासासाठी आणि बाहेरच्या हवेसाठी असतं. शिशाच्या नाण्याला त्याने संरक्षण मिळत नाही.

हार्डवेअरच्या दुकानात सर्रास मिळणारं, वाळताना व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन हेच जुनं ओकचं संकट नळीत भरून आणतं. भांडारात न्यूट्रल क्युअर, म्हणजे वाळताना ॲसिटिक आम्ल न सोडणाऱ्या, प्रकारचंच मागावं, आणि तेही तपासून. उत्पादक नाव तेच ठेवून घटक बदलतात, म्हणून दहा वर्षांपूर्वीचा निकाल आजच्या खेपेला लावता येत नाही. शिवाय जुलैत छत गळत असताना 28 दिवस थांबणं शक्य नसतं. कोकणात किंवा मुंबईत संग्रहालय सांभाळणाऱ्यांनी सीलंट, पुट्टी आणि रंगाची चाचणी मार्च-एप्रिलमध्येच उरकून, त्याच खेपेचा साठा तारीख लिहून बाजूला ठेवावा. सीलंटची मुदत संपते, म्हणून पुढच्या खेपेची चाचणी पुन्हा करावी लागते.