सूक्ष्म विमा

अल्प उत्पन्न असलेल्या कामगारांना व कुटुंबांना परवडेल अशा लहान हप्त्यात मृत्यू, अपघात, आजारपण किंवा मालमत्तेची हानी यांसाठी मर्यादित रकमेचे संरक्षण देणारी विमापद्धती.

या पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तिचे मूळ ब्रिटनमधील फ्रेंडली सोसायट्यांत (सभासदांच्या परस्पर मदतीच्या मंडळांत) आणि प्रुडेन्शियल कंपनीने १८५४ पासून कामगारांच्या घरोघरी फिरून गोळा केलेल्या साप्ताहिक पेनी-हप्त्यांत शोधतात. इतरांच्या मते, आजच्या अर्थाची संकल्पना १९९९ च्या सुमारास डेव्हिड ड्रॉर व ख्रिस्तियन जॅक्विए या संशोधकांच्या मांडणीतून पुढे आली. हप्ता भरणाऱ्या गटाला कारभारात स्थान देण्याचा विचार तीत असल्यामुळे हे मत अधिक ग्राह्य वाटते. अहमदाबादच्या ‘सेवा’ या स्वयंरोजगारी स्त्रियांच्या संघटनेचा विमा उपक्रम मात्र त्याआधीचा, १९९२ चा आहे. भारतात विमा नियामक प्राधिकरणाच्या २००५ च्या सूक्ष्म विमा विनियमांनी स्वयंसेवी संस्था, बचत गट व सूक्ष्म वित्तसंस्था यांना विमा प्रतिनिधी होण्याची मुभा दिली. २०१५ मध्ये ते विनियम नव्याने करण्यात आले.

इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीचे चांदीकाम आणि ऊसतोड यांमुळे कोल्हापूर जिल्ह्यात असंघटित कामगारांची संख्या मोठी आहे. त्यांच्यापर्यंत सूक्ष्म विमा मुख्यतः बँक खात्यातूनच पोचतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदाराच्या खात्यातून वर्षाला २० रुपये (जून २०२२ पूर्वी १२ रुपये) वळते होतात आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख रुपये मिळतात. विमावर्ष १ जूनला सुरू होत असल्याने मेअखेरीस खात्यात तेवढी शिल्लक नसली, तर संरक्षण खंडित होते. एका व्यक्तीची खाती कितीही असली तरी दावा एकच मान्य होतो. बुडून मृत्यू झाल्यास पोलिसांत नोंद आवश्यक असते. सर्पदंशासाठी रुग्णालयाची तात्काळ नोंद ग्राह्य धरतात. उसाच्या फडात काम करणाऱ्या कुटुंबाला ही तरतूद आधी ठाऊक असणे फार गरजेचे आहे, कारण कागद वेळेवर झाला नाही तर हक्काची रक्कम अडते.

२०१९ व २०२१ च्या पंचगंगेच्या महापुरांनी या व्यवस्थेतील मोठी उणीव दाखवून दिली. पुरातील मृत्यू अपघातात मोडतो. भिजलेला माग, वाहून गेलेला संसार आणि बुडालेली मजुरी मात्र या योजनेत बसत नाही. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी असून तेथील पाणीपातळी पूरकाळात नियमितपणे जाहीर होते. अशा पातळीशी भरपाई जोडणारा निर्देशांकाधारित विमा काढल्यास पंचनाम्याची वाट न पाहता मजुराला पैसे मिळू शकतील. मात्र बंधाऱ्यावरची पातळी आणि एखाद्या गल्लीत प्रत्यक्ष शिरलेले पाणी यांत अंतर पडते, त्यामुळे नुकसान सोसूनही काहींच्या हाती काहीच न येण्याची शक्यता उरते.